दोन बोटं माया

माप घ्यायचं नसतं त्यांचं.
जुना झगा पिशवीतून येतो,
तो अंथरायचा नव्या कापडावर
आणि कडेकडेने खडू फिरवायचा,
आत कुणी झोपलंय, जागं होऊ नये, असा.

सावद्याच्या बाजारात माझं मशीन.
पोलकी, परकर, लग्नसराईतली घाईची कामं,
आणि वर्षातून दोनदा मोतिया टेरिकॉटचे
हे सहा लांब झगे.
छातीला टक्स नाहीत, कमरेला बाक नाही,
गळा मानेशी बंद.
पहिल्यांदा शिवले तेव्हा वाटलं
उशांचे अभ्रे शिवतेय.

सिस्टर लिडविना घेऊन यायची ते.
मूळची मंगळुराकडची,
मराठी इथल्या बाळंतिणींकडून शिकलेली,
म्हणून पायरी चढतानाच "काय वं माय" करायची.
मी विचारलं, "शिवणीत माया किती ठेवू?"
ती दचकली.
"माया? ती तर सोडून आलो आम्ही."
मग मी एक शिवण उसवून दाखवली,
आत दुमडलेलं कापड,
बाहेरून न दिसणारं,
अंग भरलं तर सैल करायला.
त्या घडीवरून ती बोट फिरवत राहिली.
बाहेर केळीचा ट्रक मागे घेत होते, आरडाओरडा चाललेला.
"ठेव," म्हणाली. "दोन बोटं ठेव."

एकदा उजव्या बाहीवर चीक, कोपरापर्यंत.
केळीचा चीक जात नाही.
लिंबू, रॉकेल, ताक, सगळं करून झालं होतं तिचं.
घड वाहायला आलेली पावरीण बागेतच अडली,
खाली केळीचीच पानं अंथरलेली.
"मुलगी झाली," म्हणाली, "बाही बदलून दे."
बदलली.
जुनी बाही तिने मागितली नाही, मी दिली नाही.
खणात आहे, बॉबिनांखाली.
कापड पिवळं पडलं, डाग तसाच.

मग त्या उन्हाळ्यात,
पारा सेहेचाळीसवर, मशीनचं तेल पाण्यासारखं पातळ,
पिशवीत चिठ्ठी आली: बाजूंनी आत घे.
घेतलं.
दिवाळीनंतर पुन्हा.
नाताळाच्या आधी पुन्हा.
बाहेरून झगा तोच,
आत माया वाढत गेली,
दोन बोटांची चार, चाराची वीत.
दवाखान्यात अजून कुणाला ठाऊक नव्हतं बहुतेक.
मी काही बोलले नाही.
विचारणार तरी काय, चिठ्ठीला?

शेवटच्या वेळी एक कोवळी पोर आली,
नवापूरकडची, मावची, सिस्टर सेराफिना.
"त्यांना ह्यातच ठेवायचंय," म्हणाली,
"जरा अंगाबरोबर करून द्या."
एवढी जाड शिवण वर उमटते,
अशा वेळी आतलं कापून टाकायची रीत आहे.
कात्री हातात घेतली,
ठेवली.
निखाऱ्याची इस्त्री केली
आणि पाणी मारून, दाबून दाबून
सगळी बसवली आतल्या आत.

पोर उभीच होती.
तिचाही शिवायचा होता, पहिला.
जुना झगा नव्हताच तिच्याकडे,
म्हणून टेप काढला.
पाठीला लागला तशी खुदकन हसली,
मग एकदम तोंडावर हात,
असं हसायचा दिवस नव्हता तो.
वहीत लिहिलं:
उंची. खांदा. बाही.
माया किती,
ते विचारलं नाही.