मित्रकीटक, रकाना सहावा

पहिले दोन आठवडे मी सगळीकडे शून्य लिहिलं.
वीस झाडं, झाडाची तीन पानं,
तुडतुडे, मावा, फुलकिडे
भिंगातून नीट मोजले;
फक्त सहाव्या रकान्यात, जिथं छापलं होतं ‘कोळी’,
तिथं झाडाकडे न बघताच
एक गोल. वीस गोल.

भोयर साहेब म्हणाले, मॅडम,
बोरखडीच्या शिवारात कोळी संपावर गेले काय?
मी हसले.
कसं सांगू, की दोन ओळींच्या मधोमध
एक पिवळ्या पट्ट्यांचा,
आठ पाय जोडून चार केलेला,
उलटा टांगून बसला होता
आणि मी तास सोडून धुऱ्यावर पळाले होते.

सातव्या वर्षी ओठाशी फोड आले
तेव्हा अख्खी आळी म्हणाली, पोरीवर कोयी मुतला.
आईनं गेरू लावला, शेजारणीनं चुन्याची निवळी.
मी रात्रभर कवेलूंकडे बघत राहिले.
ट्रेनिंगमध्ये कळलं, तो कोळी नव्हताच,
दुसराच कुठला तरी लहानसा किडा होता.
पण कळल्यानं काय होतं?
न्हाणीत आधी टॉर्च जायची, मग मी.
नवऱ्याला लग्नानंतर सांगितलेलं हे पहिलं गुपित.
तो म्हणाला, मला वाटलं काही भारी असंल.

मग देवतळ्यांच्या शेतात फवारा झाला.
कीड बेताची, पण मित्रकीटक शून्य,
म्हणून सल्ला निघाला: फवारा.
दुसऱ्या दिवशी गेले तर जाळी तशीच होती,
दवानं भिजलेली, अगदी शाबूत.
खाली ढेकळांवर पाय आखडून
त्या पडल्या होत्या.
तेव्हा पहिल्यांदा मी मोजल्या.
अकरा.

कार्तिकात सगुणा कोवे कापूस वेचत होती.
मला दचकताना बघून कंबर सरळ करत म्हणाली,
‘काऊन वं बाई, तिले कायले भेतं?
थे तुह्याकडं पाहूनच नाई रायली.
तिचं ध्यान लेकरायवर हाय.
आमी तिले कातीन म्हन्तो.’

तुरीच्या शेंड्यावर, हिरव्यात हिरवी,
पायांना काटे,
बोराएवढ्या मळकट गाठोडीला मिठी मारून.
मी पेन्सिल पुढे केली.
तिनं पुढचे दोन पाय उचलले.
ती हलली नाही. पेन्सिल हलत होती.

कातीण.
या मुलखात कापूस गाडीनं पिकतो
आणि गाडीनंच जिनिंगात जातो,
पुन्हा गावात येतो तो दुकानातला गाऊन होऊन.
कातायला कोणी उरलं नाही.
ही एकटी, ना पेळू ना टकळी,
पोटातून काढते आणि
जे काढलं त्यातच लेकरं गुंडाळते.

दर मंगळवारी गेले.
झाडाला लाल चिंधी बांधली.
ती वाळत चालली होती, काही खात नसावी,
एक पाय कुठं तरी गमावला होता.
मी आधी एक हात दूर बसायचे, मग वीतभर.
कधी डबा तिथंच खाल्ला.
बोलले मात्र नाही काही. काय बोलणार?

चौथ्या मंगळवारी गाठोडी उसवली होती.
शेंड्यावर नुसती कुजबुज,
मोहरीहून बारीक, नारिंगी.
मी मोजायला घेतलं. चाळीस, एक्केचाळीस,
वारा आला की एकेक जण शेपटीशी धागा सोडायचा
आणि जायचा, मोजलेला की न मोजलेला कळायच्या आत.
एक माझ्या मनगटावर उतरला.
पोटात जुना गोळा आला, येणारच होता.
मी हात तसाच ठेवला.
तो बांगडी ओलांडून गेला.

न्हाणीत अजूनही आधी टॉर्च जाते.
फक्त झाडू आता बाहेर असतो.

साहेब म्हणाले, एका झाडावर त्र्याण्णव?
आणि मॅडम, तूर आपल्या वीस झाडांत येते का?
म्हटलं, नाही येत.
खोटं वाटत असंल तर येऊन मोजा.
पण सकाळी या,
वारा सुटायच्या आत.