माईक चालू होता

दसरा होऊन बारा दिवस झाले होते,
मळ्यात भाताच्या उडव्या लागल्या होत्या,
पाऊस गेला, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं होतं.
म्हणून सागरेश्वरला मंडप नव्हता. नुसत्या खुर्च्या वाळूत,
सुरूच्या झाडांना बांधलेल्या दिव्यांच्या माळा,
आणि इनास फर्नांडिसचे चार स्पीकर,
त्यातले दोन अजून हप्त्यांवर.

पार्टी दहावीच्या एका जुन्या बॅचची.
पन्नाशी उलटलेली माणसं.
अरेतुरेवर येईपर्यंत
दोन ताटं बांगडे संपले.
मी मिक्सरपाशी, कानाला हेडफोन.
तिथून माणसं फार जवळ ऐकू येतात:
गिळलेला आवंढा,
माईकवर घासणारा घड्याळाचा पट्टा,
"आधी तू म्हण." "नको, तू."

शेवटी केळुसकर उठला. एसटीत कंडक्टर,
वेंगुर्ला-बांदा.
आवाज खाली बरा, वर गेला की चिरकायचा.
मी थोडा एको दिला.
इनास म्हणतो, एको म्हणजे गरिबाचा रियाज.

आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून बसलेले.
जे काय यायचं ते तिथूनच येणार,
हे आमच्यात लहानपणीच ठरलेलं असतं.
समुद्र निवांत, जेवून पडल्यासारखा.
हे आलं पाठीमागून, आंबोली उतरून,
सावंतवाडीचे दिवे घालवत.
जमिनीकडे तोंड एकट्या केळुसकरचं,
आणि त्याचे डोळे मिटलेले.

तो अंतऱ्यावर आला
आणि वाळू उठली.

खुर्च्या आधी पळाल्या, माणसं नंतर.
लाल प्लास्टिकच्या खुर्च्या लाटांकडे,
शेवटची गाडी सुटत असल्यागत.
इनास ओरडला, "रे, आधी मिक्सर झाक!
माणसां भिजली तर सुकतत,
ह्या भिजला काय मेला!"
मी ताडपत्री ओढली आणि तिच्यात स्वतःही शिरलो.
खरं सांगतो, हाताच्या अंतरावर
चार बायका भिजत उभ्या होत्या.
फेडर खाली ओढायचा होता.
तेवढं राहिलं.

माईक चालू होता.
त्याच्यापुढं कोणी नव्हतं.
वारा आत शिरला
आणि चारही स्पीकरांतून
वाऱ्याच्याच अंगावर ओरडला,
एकोसकट.
जनरेटर बसेपर्यंत किनाऱ्यावर दोन वादळं होती,
त्यातलं एक भाड्याचं.

मग काळोख. मग टेम्पोत
सत्तावीस माणसं, गार स्पीकरांवर बसून.
कोणी गायलं नाही, भेंड्या वगैरे काही नाही.
नमिता पेडणेकर दात वाजवत हिशेब करत होती
जेवणवाल्याला किती द्यायचे याचा.
केळुसकर गप्प. बोटं तेवढी उघडझाक करत होती,
हातात तिकिटाचा चिमटा असल्यासारखी.

इनासचा एक स्पीकर गेला. हप्त्यांवरचाच.

मोबाईल मिक्सरला जोडून ठेवला होता,
रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे.
गाणं अंतऱ्यापर्यंत.
तिथं तो श्वास घेतो, मोठा, वर जायला.
मग अकरा सेकंद वारा.
वाऱ्यात एक बाई, "माझी चप्पल खंय गेली?"
आणि तिच्याही मागं, फार बारीक,
तो वर गेलेला ऐकू येतो.
चिरकलेला नाही.

इनास म्हणतो, पुसून टाक, जागा खाता.

केळुसकर बांद्याच्या गाडीवर असतो, सकाळी सव्वासातच्या.
"पुढं सरका," म्हणतो, माझ्याकडं न बघता.
मी अजून सांगितलेलं नाही.
सुट्टे देतो.
मठाला उतरतो.