चावी काढल्यावर

पेट्रोलचं इंजिन निघालं तेव्हा शेडमध्ये
आम्ही तिघं होतो, आणि वारा.
पश्चिम फॉकलंडात वारा माणसांत धरावा लागतो,
दार लावलं तरी तो आतच असतो.

तादेओनं कप्पीची साखळी ओढली.
मी इंजिनाच्या पोटाला हात लावून होते,
अडलेल्या कोकराला लावतात तसा.
चौऱ्याहत्तर सालापासून बसलेलं धूड,
जागा सोडेना.
शेवटचा बोल्ट गंजून एकजीव झालेला.
आयव्हर म्हणाला, तापव.
तापवला. मग शिवी दिली. मग निघाला.

मागे उरली एक काळी पोकळी,
तळाशी तेल पिऊन गच्च झालेली लोकर,
दात पडलेला कंगवा
आणि तो अर्ध्या इंचाचा पाना
ज्याच्यावरून बाबांनी मला
अख्खा एक हिवाळा बोल लावले होते.
मी तो पुसला. खिशात टाकला.
कुणाला सांगणार, मी नव्हता हरवला?

डिझेलचं इंजिन आलं स्टॅनलीहून, फेरीनं,
खडीच्या रस्त्यावर उलटलेल्या एका डिस्कव्हरीतलं.
किंमत: दोन मेंढे, ट्रेलरभर कापलेलं पीट,
आणि आयव्हरनं आधीच प्यायलेली बियर.
गिअरबॉक्सशी गुण जुळले,
मानपान मात्र राहिले होते.
टर्बो चासीला खेटतोय,
माउंट दोन बोटं पुढे,
रेडिएटरला सरकायला जागा नाही.
तीन शनिवार कापण्यात गेले, दोन जोडण्यात,
एक नुसता बघत बसण्यात.
पुंता अरेनासचा तादेओ
वेल्डिंगआधी हवेत क्रूस काढतो,
आणि नंतर हातोडीनं ठोकून बघतो, धरलंय का.

कॉइल नको आता. डिस्ट्रिब्यूटर नको.
ठिणगीच नको.
आयव्हर म्हणाला, याला दाब पुरतो.
हवा दाबत गेलं की तापते,
मग तेल आपलं आपणच पेटतं.
मी म्हटलं, अशी माणसं असतात.
तो हसला नाही. तो त्यांतलाच.

आणि टाकीला परतीची एक नळी लागते,
न जळलेलं तेल मागे जाण्यासाठी.
टाकी तीन दिवस पाण्यानं भरून ठेवली,
वास गेला, तेव्हा भोक मी पाडलं.
थोडं वाकडं आहे. गळत नाही.

मग दिवा लागला. दहापर्यंत मोजायचं.
बाबांनी कधी मोजलं नसतं,
ते उतारावर गाडी सोडून द्यायचे
आणि अर्ध्या वाटेत दुसऱ्यात टाकायचे.
नऊ. दहा.
काळा धूर, पत्र्याचं छप्पर थरथरलं,
त्यावरचा कॅराकारा शिव्या देत उडाला.
तादेओ ओरडला काहीतरी, स्पॅनिशमध्ये, आनंदाचं.

फाटकापर्यंत गेले, वळून आले.
मॉस भुंकत सुटली. बाबांची कुत्री,
जी टेकडीपलीकडून गाडी ओळखायची
आणि किटली चुलीवर ठेवायची वेळ सांगायची,
ती माझ्यावर भुंकत होती,
पाठीवरचे केस उभे करून,
जसं कुणी परकं आलंय
आमची गाडी घालून.

मी चावी फिरवली. काढली.
इंजिन चालूच.
पुन्हा घातली, पुन्हा काढली.
धडधड धडधड, त्याला काही देणंघेणं नाही.
आयव्हर कपाळाला हात लावून म्हणाला,
बंद करायची तार भलत्याच जागी जोडली,
आता चौथ्यात टाक, ब्रेक दाब, क्लच सोड,
गुदमरेल.

मी लगेच नाही सोडला.
चावी मुठीत होती, गार,
आणि सीटखालून थरथर चढत होती
पाठीच्या कण्यापर्यंत.
दोघं बाहेर थांबले.
वारासुद्धा थोडा सरकून उभा राहिला असावा.

मग सोडला. एक हिसका, आणि गप्प.

मॉस आली, पोट जमिनीला घासत.
आधी चाक हुंगलं, चाकं जुनीच आहेत.
मग माझा खिसा, जिथे पाना होता.
मग मागच्या फळीवर चढली
आणि आपल्या जागी पाठ करून बसली.

आयव्हरनं तोंडात टॉर्च धरून
तार शोधून काढली. पक्कड मागितली.
मी म्हटलं, राहू दे
सोमवारपर्यंत.