काठी

कागल रस्त्याला, खडीच्या खाणीत,
पोकलेनचा काटा चार दिवस शून्यावर.
मालक म्हणतो, भुपाल डिझेल विकतोय.
भुपालनं टाकीत काठी बुडवून दाखवली,
वीतभर ओली.
"बाहेरच भिजवून आणलीस की."

शिरोलीवरनं दस्तगीर मिस्त्री आला.
कुणाला काय विचारलं नाही.
टाकीवरची वायर सोडवून
बॉडीला टेकवली,
काटा ताडकन उभा.
"मीटर निर्दोष हाय."

मग टाकीखाली आडवा होऊन
चिखलातली काळी तार ओढली.
टोकाला हिरवा कळंक.
नखानं, मग पॉलिश पेपरनं, खरवडत राहिला.
"अर्थच लागत नव्हता, मालक."

मालक काट्याकडं बघत राहिला.
भुपालकडं नाही.

भुपालनं इंजिन चालू केलं.
काठी पुसली,
आणि सीटखाली
होती तिथंच ठेवली.