लिहून देणार

डुलूथमध्ये, बेकरीच्या डोक्यावर आमचं ऑफिस.
जिना अवघड, म्हणून म्हाताऱ्या माणसांना
मी खाली गाडीतच गाठते:
शिक्का, शाई, मांडीवर ठेवायला एक पाटी.
वर्नर लेहतोला ऐकेना.
बावीस पायऱ्या चढला,
प्रत्येक पायरीवर आर्डिसचा हात झटकत.
वर पोचला तेव्हा कोटाला पावाचा वास होता.

सिग्रिड वकीलबाई पेनाचं टोपण काढता काढता विचारतात,
सगळ्यांनाच विचारतात:
"गेल्या पाच वर्षांत कुणाला काही दिलंत का?"

नर्सिंग होमचं बिल सरकारनं भरायचं
तर सरकार आधी मागे वळून बघतं,
बरोबर पाच वर्षं.

वर्नर आठवत बसला.
उजवा हात मांडीवर थरथरत होता,
गिअर काढलेल्या इंजिनासारखा.
"दिलं की.
इंगाला धुरावलेला हेरिंग, दर शुक्रवारी.
चर्चला जुनी शेगडी.
जावयाला माफी. ती जरा उशिरा दिली."
सिग्रिडनं काहीच लिहून घेतलं नाही.

"बोट," खिडकीकडे बघत आर्डिस म्हणाली.

बोट पुतण्याला दिली, कर्टला, एक डॉलरला.
कधी?
तलावावरचा बर्फ फुटला तेव्हा,
ज्या वर्षी हिचा मोतीबिंदू काढला.
सिग्रिडनं बोटांवर मोजलं. चार वर्षं, तीन महिने.

नऊ महिने कमी पडले.
एका मुलाइतके, माझ्या मनात आलं. बोलले नाही.

बोटीची किंमत, उणे एक डॉलर,
तिला महिन्याच्या बिलानं भागायचं;
येतील तितके महिने सरकार हात वर करणार.
भागाकार साडेतीन आला.
कायद्याला भेट कळत नाही.
त्याच्याकडे शब्द आहे हस्तांतरण.
इतकी वर्षं टाइप करतेय मी तो,
आणि आजच दिसलं, त्यात हात आहे.

"कर्टनं बोट परत केली तर?"
"दिलेली वस्तू?" वर्नर म्हणाला,
आणि पुढचं वाक्य त्याला सापडेना.
आम्ही तिघी थांबलो. खाली कुणीतरी ट्रे आपटला.
"दिलेली वस्तू," तो पुन्हा म्हणाला, आणि तिथंच सोडून दिलं.

मग बाकीचं.
दफनाचे पैसे आधीच भरून टाका, ते मोजत नाहीत.
घर आर्डिसच्या हयातीत आर्डिसचं,
नंतर त्यावर बोजा चढेल.
"बोजा इथेच बसलाय," आर्डिस म्हणाली, "कोट घालून."
वर्नर इतका हसला की खोकला आला,
मी पाणी आणलं, अर्धं कागदांवर सांडलं,
पान सात पुन्हा छापावं लागलं.

मुखत्यारपत्र. आता माझी पाळी.
माझं काम एवढंच:
माणूस तोच आहे ना, शुद्धीत आहे ना,
राजीखुशीनं सही करतोय ना.
"याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"
"कळतो. मी मला ओळखेनासा झालो
की हिनं मला ओळखायचं. लेखी."

असं कुठल्याच कलमात नाही.
पण मी मान हलवली.

सही रेघ सोडून वर गेली,
परत खाली आली, आर्डिसच्या नावाला धडकून थांबली.
चालते. नुसती फुली केली तरी चालते, सिग्रिड म्हणाली,
ते तिनं म्हणायला नको होतं.
मी शिक्का मारला.
शिक्क्यावर माझीही मुदत आहे, एकतीस जानेवारी,
ती कुणी वाचत नाही.

उठता उठता वर्नरनं पाकीट काढलं.
मागच्या कप्प्यातून, लायसनच्या आडून,
चार घड्या पडलेली एक नोट.
कर्टची.
टेबलावर ठेवून तळव्यानं सपाट करत राहिला,
हात थरथरत होता म्हणून ती होईना.

"हाही मोजा," तो म्हणाला.