उतरलेला गंधार

मिरजेच्या मिशन चर्चमधला पियानो
पावसाळ्यात फुगायचा, मग मला बोलावणं.
मी तंबोऱ्याचा माणूस. भोपळा, जवारी, दोरा.
दोनशेवर तारा बघून घामच फुटला.

कानाला गोड लागेल तसा लावला,
गंधार जरा उतरवून, आमच्या गल्लीतला.
पांढरी एकमध्ये घुमायचा,
काळी चारला गेलं
की कुत्रं विव्हळल्यागत.
वॉर्डबॉय रणभिस्यांची सलोमी
रोज पाचला त्यावर बसायची
काळी चार टाळून.

काल पेपरात फोटो. पहिलं बक्षीस,
बुडापेस्ट का कुठं.
त्यापायी आता वर्षभरात चाळीस गावं,
चाळीस पियानो,
सगळे यंत्रावर लावलेले.

रात्री फोन :
चाचा, इथला गंधार टोचतो अजून.
परीक्षक म्हणाले, त्या सुरावर
मी काहीतरी ऐकत थांबते.

चूक माझी, पोरी, मी म्हटलं.
ती हसली. मागं कुणी तिला हाक मारत होतं,
नाव नीट येत नव्हतं त्याला.

पाद्रीसाहेब म्हणतात, नवी पोरं शिकतायत,
या जूनला यंत्रावर लावा.
यंत्र आणलंय.
पिशवीतच आहे.