पान्याची सावली

फोन म्हणतो, जागा संपली.
रात्रपाळी सुटली आहे. पपया नर्सरीच्या चौकात
कंपनीची बस मला उतरवून वळली,
सिडकोच्या रिक्षाला अजून दोन सीट हवेत.
थंडीत हात बाहेर काढवत नाहीत, तरी काढते.
नोंदी उघडते.
बाराशे सात.

गॅस.
गॅस!
गॅस सांगितला का
(तीन वेगळी वर्षं, एकच सिलिंडर
अजून वाटेतच असल्यासारखा).
बुधवारी गंगेवर: मेथी, आंबटचुका, बाबांची काठी.
काठी आणली होती. दाराआड उभी आहे,
बाबा पलंगावर आहेत.
३४.०२? असं नुसतंच.
कुठल्या बुशचं माप, कुठल्या बॅचचं,
आणि प्रश्नचिन्ह कोणाला?
पोपटी नको.
कशाला नको म्हणाले होते मी
इतक्या ठामपणे?

मध्ये एकदा सगळं नीट लावायचं ठरवलं होतं.
नवं ॲप, त्यात कप्पे, कप्प्यांना रंग:
तातडीचं, महत्त्वाचं,
तातडीचं पण महत्त्वाचं नसलेलं,
नंतर, नक्की नंतर.
अख्खा रविवार कामं रंगवण्यात गेला.
काम एकही झालं नाही,
पण फार सुंदर दिसत होती.

गांगुर्डे काका असते तर हसले असते.
टूलरूमच्या भिंतीवर त्यांनीच तो फळा केला,
पांढऱ्यावर प्रत्येक हत्याराची काळी सावली:
दहाचा पाना, तेराचा, सतराचा, पकड, टोच्या.
मी नवीन होते. वही घेऊन गेले,
म्हटलं, काका, यादी द्या ना, काय काय आहे.
ते म्हणाले, आहे ते कशाला मोजतेस?
लांबून बघ. जिथं नुसती सावली दिसेल
तेवढंच शोधायचं.
त्यांच्या टेबलावर शाळेतली एक पाटी असायची.
पाळी सुरू झाली की चार ओळी,
सुटली की ओल्या फडक्याचा एक हात.
आणि उरलेलं काम, काका?
उरलेलं असेल तर
उद्या ते स्वतःच येऊन उभं राहतं,
त्याला काय पत्ता माहीत नाही आपला?

पुसायला घेते.
आधी एकेक, वाचून, मग दहा-दहा,
मग वाचतही नाही.
दुकानांची नावं, पासवर्डांचे अर्धे तुकडे,
कोणीतरी सांगितलेला गुडघ्यांवरचा काढा,
पहाटे तीनला टिपलेलं एक स्वप्न
ज्यात म्हणे मी मशीनला जेवू घातलं.
चहावाल्यानं शटर अर्धं उचललंय.
स्टोव्हचा आवाज येतो.

एकावर बोट थांबतं.
सारंगला सांगायचं.
खाली काही नाही.
तारीख सहा वर्षांपूर्वीची, वेळ रात्रीची अकरा चाळीस.
काय सांगायचं होतं ते लिहिलं नाही
कारण तेव्हा ते विसरणं शक्यच नव्हतं.
लिहून ठेवलं म्हणून निर्धास्त झाले
आणि सांगितलंच नाही.

ताई, एक सीट! येताय का?
हो, आले.

दोन नोंदी ठेवल्या.
गॅस: तो खरंच संपलाय.
आणि ती दुसरी, आतून रिकामी,
कडा तेवढ्या पक्क्या.

रिक्षात चौथी मी, अर्धी बाहेर.
फोन आतल्या खिशात.
त्रिमूर्ती चौक आला की बुकिंग करायचं,
हे कुठंही लिहिलेलं नाही.